जागलीच्या ॲपची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्जर घ्यायला आलेला माणूसही आजकाल काउंटरला टेकून याच ॲपबद्दल विचारतो. दिवसातून दहादा तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमच्याच गावचा एक पोरगा नागपूरला नोकरी करतो आणि रात्री बसून हे ॲप बनवतो. बटण दाबून धरा, बोला, सोडा. तुमचा आवाज गटातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर वाजतो. वॉकीटॉकीच म्हणा. वावरात जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, बसलेल्यांनी एकमेकांना रानडुकरं, रोही (नीलगाई) कुठून आले ते सांगावं, हा मूळ विचार. नाव अजून ठरलेलं नाही, म्हणून खाली नुसतं 'ॲप' लिहिलं आहे. प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवलेत.

टेस्टिंग म्हंजे आमी नेमकं करावं काय?

रोजच्यासारखं वापरायचं आणि जिथं अडलं ते सांगायचं. बस. परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. बटण सापडलं नाही, चुकीचं दाबलं गेलं, 'हे कशाले विचारते' असं वाटलं, तर तेही सांगा. 'मलेच समजत नाही' म्हणून गप्प बसणारा माणूस आमच्या सगळ्यात कामाचा, कारण तो जिथं अडला तिथं पुढं हजार माणसं अडणार.

बाराच माणसं काहून पाह्यजे?

बारा हा आकडा आमचा नाही, गूगलचा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यानं प्ले स्टोअरवर ॲप टाकायला वैयक्तिक खातं काढलं, त्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद गटात चाचणी घ्यावी लागते. आधी २० माणसं लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आणली. ही १२ माणसं सलग १४ दिवस चाचणीत राहिली पाहिजेत. मधेच कोणी बाहेर पडून आकडा ११ झाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही वीस नावं घेतोय. पोळा तोंडावर आहे. कोणी सासुरवाडीला जाईल, कोणाचा मोबाईल नाल्यात पडेल.

पैसे भेटतीन का?

नाही. चहा भेटन.

पैसे घेऊन बारा माणसं 'पुरवणारे' लोक बाजारात आहेत हे मलाही ठाऊक आहे. ती माणसं ॲप उघडतात, बंद करतात, झालं. त्यांच्यातला एकही रात्री दोन वाजता सोयाबीनमध्ये उभा राहून 'आवाज तुटते' असं सांगणार नाही.

माहा मोबाईल जुना हाय, चालन का?

अँड्रॉइड ८ किंवा त्याच्या पुढचा असेल तर चालेल. म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. जुना, काच फुटलेला, मेमरी भरलेला मोबाईल असेल तर नाव आधी द्या. बनवणाऱ्याच्या हातात नवा मोबाईल आणि डोक्यावर वायफाय. तुमच्या मोबाईलवर काय होतं ते त्याला नागपुरात बसून कळणार नाही. बटणांच्या साध्या मोबाईलवर ॲप येत नाही, पण अशा मोबाईलवाल्यांचं काम पुढच्या प्रश्नात आहे.

आमच्या वावरात कव्हरेजच नाही, मंग काय उपेग?

याच प्रश्नावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. 'कव्हरेज नाही' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, काहीच नाही, कांडी शून्य. दोन, फोन लागतो पण नेट चालत नाही. तीन, नेट दिसतं पण मुंगीच्या पावलानं जातं. आम्हाला तुमच्याकडून हवं ते हेच, की कोणत्या धुऱ्यावर (बांधावर) यातलं काय होतं.

तिसऱ्या प्रकारासाठी ॲप बरं तयार आहे. आवाज दाबून लहान करायला ते ओपस नावाची पद्धत वापरतं. २०१२ मध्ये ती प्रमाण म्हणून जाहीर झाली, आणि सेकंदाला ६ किलोबिट इतक्या बारीक धारेतही ती बोलणं कळेल असं नेते. आपण १६ ठेवलंय. दहा सेकंदांचा निरोप २० केबीत मावतो. लग्नाचा एक फोटो पाठवायला याच्या शंभरपट लागतात.

दुसऱ्या प्रकारात ॲप एसएमएसचा रस्ता धरतं. पडद्यावर सात-आठ तयार निरोप आहेत, त्यातला एक दाबला की मजकूर मेसेजच्या खिडकीत भरून येतो. पाठवायचं बटण मात्र तुम्हीच दाबायचं. ॲप परस्पर एसएमएस पाठवत नाही आणि तशी परवानगीही मागत नाही, कारण ती सहसा गूगल देत नाही आणि दिली नाही ते बरंच आहे. हा एसएमएस साध्या मोबाईलवरही पोचतो. म्हणून घरी साधा मोबाईल असलेल्या म्हाताऱ्या माणसांनीही नाव द्यावं: मिळाला का, वाचता आला का, एवढंच सांगायचं.

इथं एक गंमत आहे. इंग्रजी अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. त्यात काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'रानडुकरं नाल्याकडून आली, धुऱ्यावर या, बॅटरी घेऊन' यात ४८ चिन्हं झाली. ७० च्या वर गेलं की निरोपाचे तुकडे पडतात, आणि कमजोर कव्हरेजमध्ये दुसरा तुकडा आधी आला तर वाचणारा चक्रावतो. चाचणीच्या मागच्या फेरीत निरोप लांब होते, तेव्हा 'बॅटरी घेऊन' एवढंच एकाला मिळालं. तो बिचारा बॅटरी घेऊन दारात उभा, जायचं कुठं ते माहीत नाही. त्यानंतर सगळे तयार निरोप ७० च्या आत आणले.

कांडी शून्य असेल तर काहीही जाणार नाही. खोटं कशाला सांगू? ॲप निरोप धरून ठेवतं आणि कव्हरेज आलं की पाठवतं. पण तासाभरानं 'रोही आले' ऐकून काय करायचं, हा प्रश्न उरतोच. किती वेळानं शिळा निरोप टाकून द्यावा? पोरगा म्हणतो दहा मिनिटं, मी म्हणतो पाच. तुमचं मत हवंय.

रात्री काहीच वाजत नाही, सकाळी सारे निरोप एकदम धडाधड येतात. असं काहून?

अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, डोझ म्हणजे डुलकीची सोय आहे. पडदा बंद, चार्जर लावलेला नाही आणि मोबाईल हलत नाही, अशी वेळ आली की तो बाकीच्या ॲपांना झोपवतो. बॅटरी वाचते. आता मचाणावर गोधडीशेजारी ठेवलेल्या मोबाईलकडे पाहा: पडदा बंद, चार्जर नाही, हालचाल नाही. जागलीवरचा माणूस जागा आणि मोबाईल झोपलेला!

'तातडीचा' अशी खूण असलेला निरोप या झोपेतूनही आत येतो, आणि आपले निरोप त्या खुणेनंच जातात. अडचण पुढं आहे. काही मोबाईल कंपन्यांनी वरून स्वतःची आणखी कडक बॅटरी-बचत लावलेली असते, ती ॲपला पार बंदच करून टाकते. उपाय असा: सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात आपलं ॲप, त्यात बॅटरी, आणि तिथं 'निर्बंध नाही' निवडा. काही मोबाईलमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. सापडलं नाही तर दुकानात आणा. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाही ॲपला परवानगी मागावी लागते; पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' दाबलं असेल तर काहीच वाजणार नाही.

बॅटरी किती उतरते तेही लिहून ठेवा. झोपताना किती टक्के, उठल्यावर किती. शेतीची लाइन रात्रपाळीची असेल तेव्हा मोटर चालू करायला जाणारेच रात्रभर ॲप चालू ठेवतात, त्यांचे आकडे विशेष हवेत.

बिघाड कळवायचा कसा?

'चालत नाही' एवढंच सांगू नका. डॉक्टरकडे जाऊन 'बरं नाही' म्हटल्यासारखं होतं ते. मागच्या फेरीत आलेला एक चांगला निरोप जसाच्या तसा देतो:

'काल रात्री ९:४० ले, नाल्याकडच्या वावरात, मचाणावर. एक कांडी, फोरजी. दहा सेकंद बोललो. बरोबरची खूण आली. गटातल्या तिघांतून दोघाले गेलं, तिसऱ्याले सकाळी ६ ले भेटलं. पुन्हा तीनदा करून पाह्यलं, तीनई वेळा तसंच.'

वेळ, जागा, कांड्या, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा होतं का. एवढ्यावरून पोरानं दोन दिवसांत चूक पकडली. वेळ नेमकी लागते, कारण सर्व्हरवरच्या नोंदीत तो तीच वेळ शोधतो. 'जेवणं झाल्यावर' म्हटलं तर शोधू कुठं?

लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. माझ्या मते आजवरची सगळ्यात मोठी चूक एका काकूंनी बोलूनच कळवली. त्या म्हणाल्या, 'पाऊस टिनावर पडला का हे ॲप माहा आवाज खाऊन टाकते.' पोराला खरं वाटेना. ॲपमध्ये मागचा गोंगाट गाळायची सोय आहे. पंख्याची घरघर, गाडीचा आवाज ती छान काढते. त्यानं पंख्याखालीच बसून तपासली होती. टिनावरचा पाऊस हा त्या गाळणीच्या हिशोबात इतका मोठा आणि सलग गोंगाट, की त्याच्याबरोबर माणसाचं बोलणंही गाळलं जायचं. आता गाळणी कमी-जास्त करायचं बटण आहे. काकूंना मात्र अजून वाटतं की त्यांनी नुसती तक्रार केली.

आणि कळवण्याआधी एक करा. माझीच फजिती सांगतो. तीन दिवस मी 'माझा आवाज दबका जातो' म्हणून पोराचं डोकं खाल्लं. चौथ्या दिवशी माइकच्या भोकात सुई घातली तर कापसाचा तंतू निघाला. मोबाईल दुरुस्त करतो मी! वेचणीच्या दिवसांत खिशात मोबाईल ठेवणाऱ्यांनी आधी ते भोक पाहावं, पण सुई फार आत घालू नये. मऊ ब्रश चांगला.

पडद्याचा फोटो पाठवताना त्यात दुसऱ्याचं नाव, नंबर, बँकेचा मेसेज दिसत नाही ना ते पाहा.

मराठी लिहिलेलं शोधलं तं सापडत नाही.

बरोबर पकडलंत. 'धुऱ्यावर' हा शब्द घ्या, आपल्याकडं रोजचा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साध्या र ला पाय मोडून पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखं, यंत्राला दोन वेगळे शब्द. तिसरा प्रकार हिंदी कीबोर्डवाल्यांचा, तिथं सरळ 'धुर्यावर' उमटतं. ॲपनं हे तिन्ही एकच समजावेत असं काम चालू आहे. वाऱ्यानं, दुसऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड असे शब्द मुद्दाम लिहून शोधून पाहा. जुन्या मोबाईलवर 'ॲ' च्या जागी चौकोन दिसला तर त्याचाही फोटो पाठवा.

आमी तांड्यावर गोरबोलीत बोलतो. पोडावरचे लोक कोलामी. चालन का?

आवाजाच्या ॲपला भाषा लागत नाही, म्हणून तर ते बनवलं. वऱ्हाडी, बंजाऱ्यांची गोरबोली, कोलामांची कोलामी, काहीही बोला. फक्त बोललेलं आपोआप लिहून दाखवायची एक प्रयोगाची सोय आहे, ती सध्या पुस्तकी मराठीवर पोसलेली आहे. मी म्हटलं, 'वावरात रोही घुसले'. तिनं लिहिलं, 'व्यवहारात रोहित घुसले'. रोहित नावाच्या माणसानं गटात विचारलं, 'म्या काय केलं?' ही सोय आधीपासून बंद ठेवली आहे. हौस असेल त्यांनीच चालू करावी, आणि काय लिहून आलं ते कळवावं. हसण्यासाठी नाही, सुधारण्यासाठी. हसू येतंच.

आमचं बोलणं कोण ऐकते?

गटातले लोक ऐकतात. पण चाचणीच्या या आवृत्तीत, फक्त दोन टोकांच्या माणसांनाच ऐकता येईल असं कुलूप, म्हणजे एंड टू एंड एन्क्रिप्शन, अजून बसवलेलं नाही. म्हणजे पोरानं ठरवलं तर सर्व्हरवर तो ऐकू शकतो. निरोप सात दिवसांनी पुसले जातात. तो ऐकत बसणारा नाही हे मी सांगू शकतो, पण माझ्या शब्दावर जाऊ नका: लग्नाची बोलणी, सावकाराचा हिशेब, घरातली भांडणं या ॲपवर बोलू नका. जनावरं, पाणी, लाइन, मजूर एवढंच. वावरात एकटी असलेल्या बाईनं 'मी एकटीच आहे, अमुक ठिकाणी' असंही मोठ्या गटात सांगू नये. घरच्यांचा लहान गट करावा.

असंच ॲप टाकलं अन् एकाचे बँकेतले पैसे गेले म्हणतात. हे तसं नाही ना?

शंका घेतलीत ते चांगलं केलं. हे ॲप व्हॉट्सॲपवर फाईल म्हणून कधीच येणार नाही. पीएम किसानच्या नावानं, गाडीच्या चलनाच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं ज्या एपीके फायली फिरतात, त्या उघडल्या की त्या तुमचे मेसेज वाचतात, ओटीपी त्यांच्या हाती जातो. आमची रीत अशी: तुमचा जीमेल यादीत टाकला जातो, तुम्हाला प्ले स्टोअरची लिंक मिळते, तिथं 'टेस्टर व्हा' दाबल्यावर ॲप प्ले स्टोअरमधूनच उतरतं. ते मागतं फक्त माइक आणि सूचनांची परवानगी. ओटीपी, आधार, बँक, एक रुपयाही नाही. आमच्या नावानं कोणी मागितलं तर समजा तो आम्ही नाही. आणि कोणत्याही ॲपमुळं पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितका पैसा पुढं सरकतो.

नेट किती जाईन?

रात्रभर शंभर निरोप ऐकले तरी दोन एमबीच्या आसपास. खरा खर्च अपडेटचा, दर चार दिवसांनी पंचवीस-तीस एमबी. दिवसाचा पॅक रात्री बाराला संपतो, त्याआधी उरलेल्या नेटवर अपडेट उतरवून घ्या.

साप चावला, कोणी विहिरीत पडलं, तं याच्यावर सांगावं का?

आधी फोन. रुग्णवाहिकेला १०८, बाकी संकटाला ११२. ११२ ची सोय अशी की तुमच्या कंपनीचं कव्हरेज नसलं आणि दुसऱ्या कोणत्या कंपनीचं असलं, तर फोन त्यावरून लागू शकतो. आपलं ॲप कच्चं आहे, ऐन वेळी लटकू शकतं. फोन लागल्यावर गटात सांगा, माणसं धावून येतील.

पोरगा दहावीत हाय, त्याले मोबाईलचं लय समजते.

समजत असेल, पण नाव तुमचं द्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, आणि ती कागदपत्रं सांभाळायची आमची ताकद नाही. तो तुम्हाला शिकवू दे. तो कुठं कुठं 'अगा बाबा, इथं नाही, तिथं दाब' म्हणाला ते लिहून ठेवा, तीच आमची माहिती.

आयफोन हाय.

गावात एकच आहे, कोणाचा ते सगळ्यांना माहीत आहे. आयफोनवर चाचणी टेस्टफ्लाइट या ॲपलच्या ॲपमधून होते, आणि एकेक आवृत्ती ९० दिवसांनी आपोआप बंद पडते. आपलं ॲप तिथं अजून नाही.

प्ले स्टोअरवर पाच स्टार देऊ का?

देता येणार नाहीत. चाचणीतल्या माणसाचं मत फक्त बनवणाऱ्याला दिसतं, जगाला नाही. त्यामुळं भीडभाड न ठेवता लिहा. गावचा पोरगा आहे म्हणून 'छान छान' लिहिणारे सहा जण मागच्या फेरीत होते. त्यांच्या चौदा दिवसांतून काहीच हाती लागलं नाही.

नाही जमलं तं सोडता येते का?

कधीही. पण नुसतं ॲप काढून टाकलं म्हणजे यादीतून नाव गेलं असं होत नाही. त्याच लिंकवर जाऊन 'बाहेर पडा' दाबायचं. आणि दाबण्याआधी मला सांगा, म्हणजे मोजणी तुटायच्या आत दुसरा माणूस घेता येईल.

चौदा दिवसांनंतर काय होते?

मग पोरगा गूगलकडे अर्ज करतो. माणसं कुठून मिळवली, त्यांनी काय सांगितलं, त्यावरून काय बदललं, असे प्रश्न त्यात असतात. टिनावरच्या पावसाची गोष्ट तिथं लिहायची असं आम्ही ठरवलंय. उत्तर पटलं नाही तर आणखी चाचणी घ्या म्हणतात. तसं झालं तर पुन्हा याच वीस जणांच्या दारात येणार. तोवर सोयाबीन निघालेलं असेल आणि हरभऱ्याची जागल लागलेली असेल, तेव्हा थंडीत हातमोजे घालून बटण दाबलं जातं का, हेही एकदाचं कळेल.